कंबरेला हात न लावण्याचा वर्ग

निवृत्तीच्या दिवशी हार घालता घालता एका नव्या शिपायानं विचारलं, "दादा, सगळी नोकरी बंदुकीत गेली तुमची. किती जण उडवले?"

"एकही नाही," मी म्हणालो. "कंबरेवरचे हात तेवढे उडवले."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. पण मी माझ्या कामाचा खराखुरा हिशेब दिला होता.

मी पोलीस खात्यात हवालदार होतो, धुळ्याला, आणि पुढे जळगावला. मी बी.ए. आहे, अमळनेरच्या कॉलेजातून. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. वडील तेलाच्या गिरणीत पोती वाहायचे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला माझ्याबद्दल दुसरं काही सांगताच येत नाही. खात्यात मला "बी.ए. हवालदार" म्हणायचे. काही कौतुकानं, काही टोमणा म्हणून. मी दोन्ही कौतुक म्हणूनच घेतलं.

या बी.ए.मुळेच तो वर्ग माझ्या गळ्यात पडला. हत्याराचा परवाना कुणाला जिल्ह्यापुरता मिळतो, कुणाला राज्यापुरता, आणि कुणाला देशभर चालणारा. आमचा मुलूख पडला सरहद्दीचा. शिरपूरच्या पुढे घाट चढला की मध्य प्रदेश, नवापूर ओलांडलं की गुजरात, रावेर मागे पडलं की बुऱ्हाणपूर. व्यापारी माणसाला आठवड्यातून दोनदा परराज्यात जावं लागायचं, आणि इथला परवाना घाट चढला की नुसता कागद. म्हणून ऐंशीच्या दशकात आमच्याकडे एक शिरस्ता पडला होता. ज्याला परवाना राज्याबाहेर चालायला हवा, त्यानं आधी आमच्या वर्गाला बसायचं, पास झाल्याचा दाखला घ्यायचा, मग पुढचं बोलायचं. साहेब मला म्हणाले, "तू शिकलेला आहेस. फळ्यावर लिहू शकतोस. तूच घे."

चांदमारी म्हणजे गोळीबाराचं मैदान. आमची चांदमारी लळिंगच्या डोंगराकडे होती. मागे मातीचा उंच बांध, पुढे एक कोरडा नाला, बाजूला पत्र्याची शेड. शेडमध्ये मी फळा टांगला होता. अजूनही डोळे मिटले की मला ती जागा दिसते, आणि गंमत म्हणजे आवाज न होता दिसते. हिवाळ्याची सकाळ, नाल्यातून वर सरकणारं धुकं, बांधावर नेमासाठी ओळीनं लावलेले पांढरे कागदी चांद. माणसं शाली गुंडाळून उभी. गोळी सुटली की क्षणभर जग रिकामं व्हायचं. पाखरं गप्प, माणसं गप्प, डोंगरसुद्धा श्वास धरल्यासारखा. मग दूर कुठेतरी एक टिटवी ओरडायची आणि सगळं पुन्हा भरून यायचं. मला त्या रिकाम्या क्षणाची चटक लागली होती. गोळीची नाही.

वडील एकदा तो वर्ग बघायला आले. शेडच्या खांबाला टेकून तासभर उभे राहिले. बंदुकांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, फळ्याकडे बघत होते. जाताना म्हणाले, "शिकवतोस ना? मंग मास्तरच तू." आई मात्र आली नाही. आम्ही बौद्ध. आई रोज संध्याकाळी पंचशील म्हणायची, आणि त्यातलं पहिलंच शील प्राणिमात्राची हिंसा न करण्याचं. ते म्हणताना ती कधी माझ्याकडे बघायची नाही. तिचं ते न बघणंच मला जास्त लागायचं.

वर्गात लोक यायचे ते धडाधड गोळ्या झाडायला मिळतील म्हणून. मी त्यांना आधी फळ्यासमोर बसवायचो. हत्यार भरलेलं आहे असंच समजून हाताळायचं. नळी कुणाकडे रोखायची नाही, थट्टेतसुद्धा नाही. पिस्तूल असतं जीव वाचवायला, माल वाचवायला नाही, आणि दाखवायला तर मुळीच नाही. हे तिसरं वाक्य मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचो आणि पुसायचो नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचे एक आबा होते. जवळ बापजाद्यांची ठासणीची बंदूक. त्यांचं घर इकडच्या राज्यात आणि वावर तिकडच्या. हत्यार लपवण्याचा धडा चालू असताना ते उठून उभे राहिले.

"साहेब, डुकरं ते बंदूक देखीसनच पयतस. दपाडी ठेवू ते त्यासले काय समजी?"

बंदूक लपवली तर डुकरं ती बघून पळतील कशी, हा त्यांचा सवाल. सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, "आबा, हा धडा पिस्तूलवाल्यांसाठी आहे. तुम्ही नुसतं ऐका."

"ऐकस ना. पण डुक्कर काय परवाना देखीसन वावरमा येस का?"

याला बी.ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं. आबा पास झाले. नेम असा की मी त्यांच्यानंतर नेमबाजी करून दाखवायचं टाळायचो.

पण खरी परीक्षा चांदमारीवर नसायचीच. ती मी माझ्या डोक्यानं काढली होती आणि साहेबांनी मान्य केली होती. शस्त्रागारातल्या सुताराकडून मी शिसवीचं एक पिस्तूल करून घेतलं. आत शिसं ओतलेलं, वजन खऱ्याइतकंच. आम्ही त्याला बाहुली म्हणायचो. शेवटच्या दिवशी उमेदवारानं ती बाहुली अंगावर लपवून एसटीनं धुळ्याहून अमळनेरला जायचं. मी साध्या कपड्यात दोन बाकं मागे बसणार. बघायचं एकच: हात कंबरेकडे किती वेळा जातो.

ज्याच्या कंबरेला नवं पिस्तूल आहे, त्याचा हात राहून राहून तिथे जातो. तिथेच आहे ना? दिसत तर नाही ना? आणि जिथे हात जातो तिथे चोराची नजर जाते. म्हणून ज्याला अंगावरच्या हत्याराचा विसर पडतो, त्यालाच ते द्यावं, असं माझं मत. अजूनही आहे.

या परीक्षेत भलेभले पडले. एका पुढाऱ्याचा पुतण्या पोटात कळ आल्यासारखा सारखा कंबर धरून बसला होता. कापसाचा एक दलाल इतका ताठ बसला की कंडक्टरनं मायेनं विचारलं, "काका, कंबर धरली का?" तर हा दचकून म्हणतो, "नाही नाही, पिस्तूल आहे!" अर्धी एसटी उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी थेट चौकीला लावायला घेतली. मला उठून ओळखपत्र दाखवावं लागलं. तो दलाल मला पुढे कुठेही दिसला की रस्ता बदलायचा.

अशाच एका हिवाळ्यात लीलाअक्का आल्या.

जळगावच्या सराफाच्या घरातली बाई. वय चाळिशीच्या पुढे, काठाचं साधं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. सोबत दीर, प्रभाकर. पांढरा सफारी, बोटात अंगठ्या. शेडमध्ये सगळे पुरुष. अक्का आल्या तशा बोलणं थांबलं. मी दिराकडे बघून म्हणालो, "या, नाव सांगा."

"मी नाही," प्रभाकर हसून म्हणाला. "वहिनींना पिस्तूल पाहिजे. पोळपाट-लाटणं कंटाळवाणं झालं म्हणे."

अक्का शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बाहेर उन्हात बसा. थंडी आहे."

दीर बाहेर गेल्यावर त्यांनी सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला. सोनाराचा उजवा हात. दुकानात कारागीर होते, माल घडत होता. पण घडलेला माल बुऱ्हाणपूर-इंदूरला नेऊन द्यायचं आणि तिथलं काम घेऊन यायचं, हे यजमान स्वतः करायचे, पिस्तूल बाळगून. तिकडच्या व्यापाऱ्यांनी आता कळवलं होतं की माल ने-आण करणारा माणूस परवान्याचाच हवा, आणि परवाना त्यांच्या राज्यात चालणारा हवा.

"मी पास झाले तर मी जाईन," अक्का म्हणाल्या. "नापास झाले तर पुढच्या तुकडीला भावजी बसतील. मग बुऱ्हाणपूरचा धंदा त्यांचा, हळूहळू दुकान त्यांचं. माझी मुलगी नववीला आहे. तिला आणि मला तिथे चहा करायचं काम राहील."

एवढं बोलून त्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि पिशवीतून पाटी-पेन्सिल काढली. खरंच पाटी. मुलीची असावी.

मी शिकवलेलं त्यांना एकदा सांगून कळायचं. श्वास अर्धा सोडायचा आणि तिथेच धरून चाप ओढायचा, हे पुरुषांना समजवताना माझा घसा बसायचा. अक्का म्हणाल्या, "म्हणजे फुंकणीसारखं." सोनाराच्या घरात डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, नळीनं फुंकून ज्योत दागिन्यावर धरतात. श्वास हलला की ज्योत हलते आणि मणी वितळतो. लग्न झाल्यापासून त्या यजमानांना हे करू लागत होत्या. त्यांचा श्वास असा थांबायचा की बाजूला उभ्या माणसाला स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू यावा.

अडचण वेगळीच होती. गोळी सुटायच्या आधी त्यांचे डोळे मिटायचे. गच्च. गोळी बांधाला लागायची, चांदाला नाही. पहिल्या दिवशी बाहेरून प्रभाकरचा आवाज आला, "वहिनी, डोंगराला तरी लागली का?"

मी त्यांना रिकामं पिस्तूल दिलं आणि नळीवर एक नाणं ठेवलं. "चाप ओढा. नाणं पडता कामा नये आणि तुम्हाला ते सगळा वेळ दिसलं पाहिजे." त्या शेडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बाकीचे जेवले, विड्या ओढून आले, पुन्हा वर्ग सुरू झाला. अक्का तिथेच. नाणं पडायचं, त्या वाकून उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. दुपारच्या उन्हाची एक तिरीप पत्र्यातून येऊन त्या नाण्यावर पडली होती. मी फळ्यावर लिहीत होतो आणि माझं लक्ष त्या चकाकणाऱ्या ठिपक्याकडे होतं. एका क्षणी असं वाटलं, की पिस्तूल नाही, बाई नाही, भिंत नाही, नुसता एक उजेडाचा ठिपका हवेत स्थिर राहिलाय. चापाचा खट् आवाज झाला. ठिपका तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या गोळ्या चांदाला लागल्या. मधोमध नाही, पण पास होण्याइतक्या. बाहेरून काही आवाज आला नाही.

राहिली एसटी.

इथे माझी पंचाईत झाली. फळ्यावर माझी सगळी चित्रं पँटवाल्यांची आणि धोतरवाल्यांची. लुगड्यात पिस्तूल कुठे लपवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारणार तरी कुणाला? अक्कांनी बाहुली हातात घेतली, वजन बघितलं आणि म्हणाल्या, "ते माझ्यावर सोडा." शेडच्या मागे गेल्या, परत आल्या. मी वरून खालपर्यंत बघितलं, शिक्षक म्हणून. काही दिसलं नाही. त्यांच्या चालण्यातही काही नाही.

ती एसटी मला स्वप्नासारखी आठवते. थंडी उतरलेली, खिडक्यांतून कोवळं ऊन आडवं येत होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मैलच्या मैल पांढरं. गाडीच्या घरघरीनं निम्मी माणसं पेंगत होती. मी दोन बाकं मागे. अक्कांचे हात मांडीवर, एकावर एक. मी त्या हातांकडे इतका वेळ बघितलं की ते कुणाचे आहेत हेच विसरलो. कधी वाटायचं आईचे आहेत, पंचशील म्हणताना असतात तसे.

अक्कांच्या शेजारी एक खेड्यातली बाई, मांडीवर लहान मुलगी. मुलगी झोपेत कलंडली ती थेट अक्कांच्या उजव्या कुशीवर. मी सावध झालो. बाहुली तिथेच असणार. मुलगी चुळबुळली, डोकं उचललं, पुन्हा टेकवलं आणि रडायला लागली.

तिची आई म्हणाली, "अक्का, तुमना कंबरले काय बांधेल शे? पोरले रुतस."

एसटीतले दोन-चार जण वळून बघायला लागले. माझा हात ओळखपत्राकडे गेला. आता झालं, दलालाचीच गत.

अक्का हसल्या. मांडीवरचे हात हललेसुद्धा नाहीत. "किल्ल्या शेतस बाई. सासूनी देल शेतस, सोडता येत नही."

"बठ्ठ्या घरमा तेच शे," बाई म्हणाली आणि मुलगी दुसऱ्या कुशीला घेतली.

मागून एक म्हातारी बोलली, "मन्ही सासूनी ते मरताना बी सोड्यात नहीत!" त्या बाजूच्या सगळ्या बायका हसल्या. मग अमळनेरपर्यंत सासवांचाच विषय. अक्कांनी स्वतःच्या सासूबद्दलही दोन गोष्टी सांगितल्या. हात मांडीवरच.

अमळनेरला उतरलो. ठरल्याप्रमाणे स्टँडवरच्या चहाच्या टपरीशी भेटायचं होतं. अक्का टपरीकडे वळल्याच नाहीत. सरळ गावात चालू लागल्या. मला वाटलं, चुकल्या. मग वाटलं, सरकारी बाहुली घेऊन पळाल्या. मी मागोमाग. त्या सराफ बाजारात शिरल्या, एका दुकानाच्या गादीवर टेकल्या, पदराआड हात नेला आणि लाल फडक्यातलं एक गाठोडं काढून सराफासमोर ठेवलं. सोन्याच्या पोती, मणी, बुगड्या. तराजू निघाला, वजनं झाली, चहा आला.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी तापलो होतो. "अक्का, ही सरकारी परीक्षा आहे! तुमच्या दुकानाचा माल पोचवायला मी हवालदार नाही!"

"रागावू नका भाऊ. माल आज-उद्या पोचवायचाच होता. एवढा चांगला पहारा मला पुन्हा कधी मिळायचा? तुमचं माझ्या हातांकडं लक्ष, माझं मालाकडं."

"आणि कुणी अडवलं असतं तर? लाकूड दाखवणार होता?"

"लाकूड कुणाला दिसलं? सोनं तरी कुणाला दिसलं? तुम्हालासुद्धा नाही."

हे खरं होतं, म्हणून आणखी राग आला.

परतीच्या गाडीला वेळ होता. आई-वडिलांचं घर अमळनेरलाच, स्टँडपासून जवळ. उपाशी बाईला टपरीवर बसवणं बरं दिसेना, म्हणून त्यांना घरी घेऊन गेलो. आई अंगणात तूर पाखडत होती. मी सांगितलं, या माझ्या वर्गाच्या. आईनं पाणी दिलं, भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. अक्का जेवत होत्या. आई समोर बसून बघत होती. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला. माझ्या फळ्यावर तो कधी आला नव्हता आणि इतक्या उमेदवारांपैकी एकालाही मी तो विचारला नव्हता.

"बाई, तू माणूसले मारशी का व?"

अक्कांचा घास हातात राहिला. अंगणात सुपातून उडालेला तुरीचा भुसा उन्हात तरंगत होता. मला चांदमारीवरचा तो रिकामा क्षण आठवला, गोळी न सुटताच आलेला.

"नाही मावशी," अक्का म्हणाल्या. "नाही मारणार. कुणी अडवलं तर सोनं देऊन टाकीन. सोनं पुन्हा घडवता येतं."

"मंग ते कसाले पाहिजे?"

"दिरासाठी," अक्का म्हणाल्या. "चोरासाठी नाही. बाईमाणूस परमुलखात एकटी कशी जाणार, हे घरात कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. माझ्याजवळ पिस्तूल आहे एवढं त्यांना माहीत असलं की पुरे. मला नुसतं जायचंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी. मग अक्कांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

मी अडकलो होतो. दाखवायला पिस्तूल मागणाऱ्याला मी पास करत नसे. पुढाऱ्याच्या पुतण्याला याच कारणानं घरी पाठवलं होतं, आणि त्याबद्दल वरून बोलणीही खाल्ली होती. आता ही बाई माझ्याच अंगणात बसून सरळ सांगत होती, की मला ते दुसऱ्याला कळावं म्हणूनच हवंय. खोटं बोलली असती तर मी डोळे मिटून पास केलं असतं. खरं बोलून तिनं माझी परीक्षा घेतली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. ऊन उतरलं होतं, कापसावर गुलाबी छटा आली होती, आणि मला वाटत होतं ही गाडी धुळ्याला पोचूच नये. धुळं आलं की सही करायची की नाही ते ठरवावं लागणार.

शेवटी मी विचारलं, "बाहुली अंगावर आहे, हे तुमच्या लक्षात होतं का?"

"ती मुलगी रडली तेव्हा आठवलं. मग पुन्हा विसरले."

"घरात ते कधी काढून दाखवायचं नाही. दिराला तर नाहीच. तसं माझ्या कानावर आलं तर परवाना काढून घ्या म्हणून मीच वर लिहीन."

"दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "काढायची वेळच येणार नाही."

मी सही केली. नियमात बसत होतं का? तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. पण ज्या हातांच्या भरवशावर सही केली ते हात मी तासभर बघितले होते.

पुढे माझी जळगावला बदली झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा बोदवडला नातेवाइकाच्या साखरपुड्याला गेलो होतो. तिथूनच कोर्टाच्या कामासाठी बुऱ्हाणपूरला जायचं होतं. भुसावळला गाडी बदलली, डब्यात शिरलो, तर समोरच्या बाकावर अक्का. केस पांढरे झालेले, कुंकू तेवढंच मोठं. पायाशी कापडी पिशवी, हात मांडीवर एकावर एक.

"भाऊ! बसा."

बसलो. यजमान आता काठी टेकत दुकानात येऊन बसतात, मुलगी कॉलेजात आहे, बुऱ्हाणपूरला दर आठवड्याला खेप होते, असं सगळं सांगून झालं. मी ऐकत होतो, पण सवय कुठे जाते? नजर शोधत होती. उजवीकडे? डावीकडे? पाठीशी? काही थांग लागेना. माझ्याच वर्गाची विद्यार्थिनी आणि मलाच सापडेना, याचा मला अभिमानही वाटत होता आणि थोडी चिडही येत होती. शेवटी हळूच विचारलं, "कोणत्या बाजूला आहे, अक्का?"

"जळगावला," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"यजमान आजारी पडले तेव्हा त्यांचं पिस्तूल बंदुकीच्या दुकानदाराकडे ठेवायला दिलं होतं. माझ्या नावावर झालं, पण तिथून मी ते आणलंच नाही. त्याच्या कपाटात आहे. वर्षातून एकदा तो तेल-पाणी करतो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

गाडी तापीच्या पुलावर आली होती. खाली नदी संथ, पुलाचे खांब एकामागून एक मागे सरत होते.

"कधी वेळ आली नाही?"

"आली एकदा. बुऱ्हाणपूरच्या स्टेशनाबाहेर एकानं पिशवी मागितली, सुरा दाखवून. दिली. आत भाकरी आणि जुनं लुगडं होतं. त्या दिवशी हॉटेलात जेवले." त्या स्वतःशीच हसल्या. "माल जिथे असतो तिथेच होता."

"आणि भावजी?"

"स्टेशनावर सोडायला येतात ना. आजसुद्धा आले होते. पिशवी उचलू लागतात. पण उभे राहतात ते हातभर लांब. चुकून धक्का लागून उडायला नको म्हणून."

मी इतका हसलो की वरच्या बाकावर झोपलेला माणूस उठून बसला. मी इतकी वर्षं माणसांना पिस्तूल लपवायला शिकवलं. या बाईनं ते जवळ नसल्याचं लपवलं, आणि तेही घरातल्या माणसापासून, जिथे काही लपत नाही.

बुऱ्हाणपूरला त्या उतरल्या. गर्दीत शिरताना मागे वळून एकदा मान हलवली आणि दिसेनाशा झाल्या.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला. आता त्या थकल्या आहेत, आवाज बारीक झालाय. म्हटलं, "अक्का, दिवाळी अंकात तुमच्याबद्दल लिहायचं म्हणतोय. लिहू का?"

"लिहा की. पण नाव बदला. भावजी अजून आहेत. अंक जळगावात मिळतो का?"

"मिळतो. नाव बदलतो, गाव तेच ठेवतो."

"आणि ते कपाटाचं तेवढं लिहू नका."

"ते काढलं तर मग उरतं काय अक्का? तीच तर गोष्ट आहे."

पलीकडून दुकानाचा आवाज येत होता, कारागिराची ठकठक, आणि एक ठाम बायकी आवाज कुणाला तरी वजन पुन्हा करायला सांगत होता.

"मुलगी," अक्का म्हणाल्या. "गादीवर तीच बसते आता. दुकान तिच्या नावावर केलं, पक्कं." मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "लिहा भाऊ. वाचू द्या भावजींना."